उतरताना ऐकायचं

दगडूमामा कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर बोटं वाकवून ठोकायचे. आत येऊ का म्हणून नाही. चौकट कशी आहे ते ऐकायला. आम्ही बदनापूरला स्टेशनामागच्या गल्लीत राहायला आलो तेव्हा माझी भांडी अजून पोत्यातच होती. उंबऱ्यात कुणी परका माणूस दिसला म्हणून मी पदर घेऊन आत सरकले. त्यांनी चौकट खालून वर ठोकत नेली, कान जवळ धरला आणि म्हणाले, "डावी बाजू पोकळ हाय, पोरी. वाळवी लागली. मालकाला सांग, न्हाई तर दार एक दिवस हातात येईल." एवढं बोलून निघून गेले. मी कुणाला काही सांगितलं नाही, मला परक्यांशी बोलायला जमत नाही. चार महिन्यांनी दार खरंच नवऱ्याच्या हातात आलं. त्या दिवसापासून मी मामांना चहा द्यायला लागले.

मामा तीस वर्षं मौत का कुवा घेऊन फिरणाऱ्या एका खेळात कामाला होते. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडी फळ्या उभ्या लावून दोन-तीन पुरुष उंचीची गोल विहीर जमिनीवर उभी करतात. वरच्या कडेला लोक उभे राहतात आणि खाली वाकून बघतात. आत मोटरसायकलवाला तळाच्या उतरणीवरून वेग घेतो आणि भिंतीवर आडवा होऊन गोल गोल फिरतो. मामा गाडीवाले नव्हते, फळ्या बसवणारे होते. प्रत्येक जत्रेत कुवा उभा करायचा, जत्रा उठली की सोडायचा, पुढच्या गावी पुन्हा उभा करायचा. खेळ चालू असताना ते बाहेरच्या बाजूला, भिंतीखाली, हातोडी आणि पाचरी घेऊन फिरत असायचे. गाडी वरून गेली की फळी वाजते. त्या वाजण्यावरून कोणती ढिली झाली ते त्यांना कळायचं.

फळीवाल्यानं खेळ चालू असताना वर जायचं नाही, असा तिथला नियम. त्यामुळे तीस वर्षांत मामांनी तो खेळ वरून एकदाही पाहिला नव्हता. मला ऐकून नवल वाटलं. मी म्हटलं, "म्हणजे चव न घेता स्वैपाक केल्यासारखं झालं की मामा."

"मीठ कमी पडलं ते तुला वासावरून कळतं ना?"

"कळतं."

"मंग."

संध्याकाळी आमच्या ओट्यावर त्यांची आणि वामनअण्णांची बैठक असायची. अण्णा रेल्वेत गँगमन होते, आता पेन्शनवर. त्यांनी आयुष्यभर जत्रा पाहिल्या, आणि कुवा नेहमी वरून, पुढच्या रांगेत उभं राहून. दोघांचा वाद एकच. सगळ्यात मोठा गाडीवाला कोण? जुन्या काळातले कासमभाई, की त्यांच्यानंतर आलेला गुलाब? मी आत भाकरी थापत असायची आणि तो वाद रोज ऐकायची. नवऱ्याची गाडी जालन्याहून येईपर्यंत माझी तेवढीच सोबत.

"कासमभाईसारखा झाला न्हाई," अण्णा म्हणायचे. "दोन्ही हात सोडून फिरायचा. माझ्या हातातला रुमाल घेऊन गेल्ता, या हातातला."

"तू रुमाल बघत होता. मी चाक ऐकत होतो."

"मंग गुलाब मोठा म्हणतो का?"

"म्हणलो का मी? कासमभाईची गाडी म्हशीवानी भारी, पण फळ्या सागाच्या. गुलाबच्या वक्ताला गाडी हलकी आली, तर फळ्याबी हलक्या आल्या. कासमभाईला गुलाबच्या फळीवर घातलं असतं तर फळी मोडली असती. गुलाबला कासमभाईच्या गाडीवर बसवलं असतं तर गाडीनंच त्याला खाली ठेवून दिलं असतं. आता कसं मोजता, सांग."

"मंग मोजूच नको का?"

"मोजायचं. पण उतरताना मोजायचं."

हे मामांचं खास म्हणणं. चढताना सगळेच मोठे, ते म्हणायचे. चढताना गाडी माणसाला नेती, लोक टाळ्या वाजवतात, अंगात वारं भरतं. उतरताना माणसाला गाडी आणावी लागती. वेग थोडा थोडा सोडायचा, फार सोडला तर घसरला, न्हाई सोडला तर खालच्या उतरणीवर आपटला. भिंत जिथं उतरणीला भेटते तिथं एक सांधा असतो. कच्चा गाडीवाला उतरला की तो सांधा खाडकन वाजतो. "कासमभाईचं उतरणं म्हणजे आईनं झोपलेलं लेकरू खाली ठेवल्यावानी," मामा म्हणायचे. "सांध्याला पत्ता लागायचा न्हाई."

"म्हणजे कासमभाईच मोठा. संपला विषय," अण्णा हात झटकायचे.

"गुलाब दहातनं एकदा वाजवायचा. पण बाकीच्या नऊ वेळा कासमभाईपेक्षाबी हलका यायचा."

"हे बघ. पुन्हा गाडी रुळावरनं उतरवली यानं."

मामा हसायचे, मग ओट्याच्या खांबाला एकदा ठोकून उठायचे. जाताना आमच्या घरातलं काही ना काही ठोकून जायचे. खाट, पाट, लेकीचा पाळणा. "ऐक," मला म्हणायचे. "चांगलं लाकूड पूर्ण बोलतं. फुटलेलं अर्ध्यात थांबतं. लाकूड झूट बोलत न्हाई, त्याला फायदाच काय?" मी ऐकायची. शिकावं म्हणून नाही, मोठं माणूस म्हणतंय म्हणून. पण आठ वर्षं रोज ऐकलं की कान आपोआप तयार होतो.

एकदा त्यांनी आमच्या नव्या खाटेचा पाय ठोकला आणि म्हणाले, "बराबर हाय." पाय फुटका होता. आवाज अर्ध्यात थांबला होता, तो मला ऐकू आला. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते खाटेकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मग लक्षात आलं की मागून हाक मारली तर ते हल्ली वळत नाहीत, आणि अण्णांच्या ओठांकडे बघून वाद घालतात. त्यानंतर ते ठोकायचे आणि लाकूड चांगलं असलं की मी लगेच मान हलवायची, नसलं तर नाही म्हणायची. आमच्या दोघांत याविषयी कधी शब्द झाला नाही. दोन वर्षं असं चाललं. गल्ली अजून त्यांना चौकट दाखवायला बोलवायची, आणि मी काहीतरी निमित्त काढून मागे मागे जायची. "हिला मामांशिवाय कुणाशी बोलता येत नाही," नवरा हसायचा.

मागच्या वर्षी जालन्याच्या मैदानावर जत्रेत मौत का कुवा लागला. एका सकाळी जीन पँट घातलेली एक मुलगी मामांचं घर विचारत आमच्याच ओट्यावर आली, मामा तिथंच चहा घेत बसले होते. ती गुलाबची लेक, रेश्मा. गुलाबचे गुडघे गेले, तो गावाकडे बसून आहे, आता गाडी ती चालवते. तिनं मामांच्या पायाला हात लावला आणि समोर बसून सावकाश, मोठ्यानं सांगितलं, "चाचा, एका जागी गाडी झटका देऊन हातातनं सुटून राह्यली. पहिल्याच दिवशी दोनदा झालं. आमचा फळीवाला म्हणतो, बरोबर आहे. मालक म्हणतो, तू घाबरली. अब्बा म्हणाले, दगडूला ऐकव. सहा वाजता खेळ आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नाही म्हणा, असं मला मनातून वाटत होतं. पण मामा म्हणाले, "येतो. ही माझ्यासंगं येईल." अण्णाही निघाले. गुलाबची लेक म्हटल्यावर ते घरी बसणारे नव्हते.

दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही जालन्याला उतरलो. मैदानावर कुवा उभा होता, आतून-बाहेरून नवा निळा रंग दिलेला. मामांनी तो रंग पाहिला आणि त्यांचं तोंडच उतरलं. "नंबर कुठं हायेत?" त्यांनी विचारलं. फळ्यांच्या पाठीवर नंबर असतात, दारापासून मोजत. प्रत्येक फळीची जागा ठरलेली. मालकानं जत्रेसाठी शोभा यावी म्हणून बाहेरूनही रंग मारून घेतला होता, आणि सगळे नंबर रंगाखाली गेले होते. मग फळीवाल्यानं अंदाजानं फळ्या बसवल्या होत्या. दिसायला सगळ्या सारख्याच.

मामांनी दारापासून सुरुवात केली. एक फळी ठोकायची, माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की पुढची. मालक मागून येत होता, हातातल्या फोनवर बोलत. अण्णा त्याला कासमभाईच्या रुमालाची गोष्ट सांगत होते. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर एका फळीचा आवाज अर्ध्यात थांबला. पुढच्या फळीचाही. मी मान हलवली नाही. मामांनी पुन्हा ठोकलं. मी म्हटलं, "ही. आणि तिच्या शेजारची." माझा आवाज मलाच नवा वाटला.

मालकानं फोन खाली घेतला. "या बाईला काय कळतं? चाचा, तुम्ही बोला. तुमचं नाव ऐकून बोलावलंय. फळी खोलायची म्हणजे दोन घंटे जातील, लोक येऊन राह्यलेत. तुम्हाला काय ऐकू आलं, तेवढं सांगा."

मामांनी फळीवरचा हात खाली घेतला. अण्णा त्यांच्याकडे बघत होते. रेश्मा हातमोजे हातात धरून उभी होती. मामांनी नुसतं "मलाबी तेच ऐकू आलं" म्हटलं असतं तर चाललं असतं, फळी खोललीच असती. मी तर मनात तेच म्हणत होते, म्हणा मामा, म्हणून टाका. पण ते म्हणाले, "मला काहीच ऐकू आलं न्हाई. दोन साल झाले, मला ऐकू येत न्हाई. हिला येतं. माझ्या नावावर खोलू नका, हिच्या कानावर खोला."

मग रेश्मा म्हणाली, "खोला. न्हाई तर मी चढत न्हाई."

खोलल्यावर कळलं की दोन फळ्यांची अदलाबदल झाली होती. बोल्टाची भोकं जुळेनात म्हणून फळीवाल्यानं दोन-दोन बोल्ट अर्धेच पिळून ठेवले होते. एकाचा आटा गेला होता, तो बोटानं बाहेर आला. मामांनी तो मालकाच्या हातात ठेवला. फळ्या आपापल्या जागी बसवायला त्यांनी स्वतः हात लावला. पाचर कुठं मारायची ते त्यांना बघायलाही लागत नव्हतं.

खेळ सुरू झाला तेव्हा अण्णा वर गेले. मामांना रेश्मा म्हणाली, "आज वर उभे राहा चाचा, कुणी काही म्हणणार न्हाई." ते म्हणाले, "मला तिथलं काय कळतं?" आणि बाहेर भिंतीला दोन्ही तळहात लावून उभे राहिले. मीही त्यांच्या शेजारी हात लावला. गाडी वरून जायची तेव्हा फळी हातात थरथरायची, एकेक करून, नळीतून पाणी गेल्यासारखी. किती वेळ गेला कळलं नाही. मग आवाज हळूहळू खाली यायला लागला. मामांनी डोळे मिटले. गाडी बंद झाली, वर टाळ्या सुरू झाल्या.

मामांनी मला विचारलं, "सांधा वाजला का?"

मी म्हटलं, "नाही वाजला." त्यांना ऐकू गेलं नसणार, म्हणून नाही अशी मान हलवून पुन्हा सांगितलं. ते बराच वेळ भिंतीला हात लावून तसेच राहिले.

परतीच्या गाडीत अण्णा घुश्शात होते. जालना सुटल्यावर कुठं त्यांनी तोंड उघडलं. मामांच्या समोर तोंड नेऊन म्हणाले, "म्हणजे दोन साल मी जे बोलत होतो, ते?"

"अर्धंच कळायचं," मामा म्हणाले. "म्हणून तर दोस्ती टिकली."

अण्णांना हसू आवरलं नाही. मग त्यांनी विचारलं, "आता सांग. कासमभाई, गुलाब, का ही पोरगी?"

"तिची कुठं आत्ता चढती हाय. उतरू दे तिला आणखी धा-वीस सालं."

त्यानंतर गल्लीतले लोक चौकट दाखवायला मला बोलवायला लागले. मामा सोबत यायचे आणि मुद्दाम लांब उभे राहायचे. मी काय म्हणते ते माझ्या ओठांवरून वाचायचे आणि मागून म्हणायचे, "जोरात बोल, माझ्यासाठी न्हाई, त्यांच्यासाठी."

या थंडीत ते गेले. दुपारची वेळ होती. आमच्या ओट्यावर ऊन येतं म्हणून खाटेवर आडवे झाले होते, एक हात भिंतीला लावून. मी शेजारी बसून मेथी निवडत होते. जुडी संपली, मी चहाला उठले, त्यांना हात लावून उठवायला गेले, तेव्हा कळलं.

तेरा दिवस झाल्यावर अण्णा नेहमीच्या वेळी ओट्यावर येऊन बसले. मी चहा ठेवला. ते खांबाकडे बघत होते. मग म्हणाले, "तू जवळ होतीस म्हणे. त्रास झाला का त्याला?"

मी म्हटलं, "हातभर अंतरावर बसून होते, अण्णा. मला काहीच वाजलेलं ऐकू आलं नाही."

अण्णांनी चहा घेतला. जाताना खांबाला एकदा ठोकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.