मुकादमाच्या पायातला काटा

रशीद मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजगडावर होतो. म्हणजे बूड काटेवाडीच्या फाट्यावर, तात्यांच्या चहाच्या टपरीतल्या बाकड्यावरच होतं. पण सांगत होतो राजगडाचं. मुकादमानं, म्हणजे मिस्त्रीच्या कुत्र्यानं, चोर दरवाजाखाली एका बिबट्याला कसं कोपऱ्यात घेतलं आणि बिबट्यानं शेवटी पुढचा पाय उचलून कसा रामराम केला, इथवर गोष्ट आली होती. तेवढ्यात मिस्त्रीच्या मेहुण्याचा फोन. सकाळी शेडमध्ये ट्रॅक्टरची वायरिंग करता करता मिस्त्री चाकाला टेकून खाली बसला आणि परत उठला नाही. मी फोन खिशात ठेवला आणि म्हणालो, "मिस्त्री गेला." तात्या चहा गाळत होते. मान वर न करता म्हणाले, "आता कुठल्या कड्यावनं ढकललास त्याला?" बाकडं हसलं. मी परत म्हणालो, तरी हसलं. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा एकानं विचारलं, बिबट्याचं पुढं काय झालं ते सांग की. चौथ्यांदा सांगायला गेलो आणि तोंडातून शब्दच फुटला नाही... तेव्हा कुठं त्यांना ते खरं वाटलं. आयुष्यभर थापा मारल्या त्याचा हा हिशेब. मित्र मेलाय हेसुद्धा माणसाला पटवून द्यावं लागतं.

आता ह्या गोष्टीला दोन महिने होत आले. मिस्त्री निरवांगीचा. नीरेच्या काठचं गाव, ऊसच ऊस. आसपासच्या पंचवीस गावांत असा एक ट्रॅक्टर नसेल ज्याच्या दिव्याला त्याचा हात लागला नाही. मी तर सांगायचो, मिस्त्रीनं नुसतं बॉनेटवर बोट वाजवलं की बॅटरी स्वतः उठून सांगते, मला कुठं दुखतंय. माझ्याकडं पहिल्यांदा आला तोही ट्रॅक्टरसाठीच. काम झाल्यावर चहा पिता पिता त्यानं विचारलं, "दत्ताभाऊ, तुमी डोंगर चढलाय का कधी?" मी म्हणालो, आमच्याकडं सगळ्यात उंच जागा म्हणजे भरलेला उसाचा ट्रेलर, त्यावर चढलोय. तो हसला नाही. म्हणाला, "मग रविवारी चला." त्या रविवारी मी सिंहगड चढलो, तीनदा मेलो, दोनदा गुडघे गहाण टाकले, आणि वर पिठलं-भाकरी खाताना ठरवलं की आता हा माणूस सोडायचा नाही. पुढची बारा वर्षं सोडला नाही.

मुकादम त्यानंतर दोन वर्षांनी आला. कारखाना बंद झाला की ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परत जातात, तशी एक टोळी निघून गेली आणि खोपी होत्या तिथं हे तांबडं, एक कान मोडलेलं कुत्रं राहिलं. पाचटाच्या ढिगावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यावर असं लक्ष ठेवायचं, जणू टोळीला उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, ह्यानंच वाटली होती. म्हणून नाव मुकादम. मिस्त्री त्याला घरी घेऊन आला तेव्हा साबिरावहिनींनी, त्याच्या बायकोनं, एकच कायदा सांगितला, "ओट्याच्या आत पाऊल न्हाय." तो कायदा मुकादमानं आजतागायत मोडला नाही, माणसांनी कुठला पाळलाय? ओट्याच्या कडेला नाक टेकवून बसायचा आणि वहिनी भाकरीचा तुकडा टाकताना म्हणायच्या, "बसलं बघा, हजेरी घ्यायला."

मोटरसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये पोत्याच्या झोळीत मुकादम, बाहेर फक्त मोडका कान आणि नाक, असे आम्ही पुरंदर तालुक्यातून पुढं निघायचो. तोरणा, राजगड, रोहिडा... कळसूबाईच्या लोखंडी शिड्या मुकादम चारी पायांनी माणसासारखा चढला, असं मी बारामतीत निदान दोनशे लोकांना सांगितलंय. खरं म्हणजे मिस्त्रीनं त्याला पाठीवर बांधून नेला होता, आणि सगळा वेळ कुत्रं त्याच्या मानेवर लाळ गाळत होतं. मिस्त्रीला माझ्या थापांचं वावडं नव्हतं. मी सांगत असलो की तो बाजूला बसून बिडीचं थोटूक फिरवत राहायचा आणि सगळं झाल्यावर हळूच भर घालायचा, "आन् बिबट्या मादी होती, ते राहिलं."

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. इथं मी एक तसूभरही वाढवणार नाही. विश्वास ठेवा म्हणायचा मला हक्क नाही, तरी.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही तोरण्याला गेलो. सकाळची थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती, आणि अर्ध्या चढावर मिस्त्रीचा शर्ट घामानं चिंब. एका दगडावर तो बसला. डावा हात उजव्या हातानं धरला. ओठ पांढरे. मी बोलायचा थांबलो, आणि मी थांबलो म्हणजे काय झालं असेल ते ओळखा. पुढं गेलेला मुकादम परत फिरला, खाली आला आणि मिस्त्रीच्या गुडघ्याला पाठ लावून बसला. भुंकला नाही, चाटलं नाही. नुसता बसला. बऱ्याच वेळानं मिस्त्री म्हणाला, "उतरू या. आन् घरी काय बोलायचं न्हाय."

"वहिनी विचारतील की एवढ्या लवकर कसे आलात."

"मग सांग काय तरी. एवढ्या थापा मारतोस, एक माझ्यासाठी मार."

मारली. निरवांगीत पोचलो तर वहिनी दारातच. त्यांनी विचारायच्या आत मी म्हणालो, "मुकादमाच्या पायात काटा मोडला वहिनी. एवढा! बाभळीचा. मी दातानं उपसला." वहिनी लगबगीनं आत गेल्या, तेलात हळद गरम करून आणली. ओट्याच्या आत न घेतलेलं कुत्रं, पण स्वतः खाली उतरून त्याच्यापुढं बसल्या. "कुठला पाय?" मी पुढचा डावा दाखवला. त्यांनी त्या धडधाकट पायाला हळद लावली, जुन्या ओढणीची पट्टी बांधली, आणि मग साबणानं हात धुतले. मुकादम गुमान बसून होता. पट्टीमुळं चार दिवस लंगडला बिचारा, आणि त्या लंगडण्यानं माझ्या थापेला साक्ष मिळाली. मिस्त्री खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. आम्ही दोघं त्या दिवशी हसलो सुद्धा.

पुढच्या आठवड्यात वायर आणायच्या निमित्तानं बारामतीला जाऊन डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची तपासणी करून घ्या, नळी बंद असणार, चढ एकदम बंद. बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाला, "हंगाम उरकू दे. ह्या दिवसांत ट्रॅक्टर बंद पडून न्हाय चालत." हंगाम उरकला. मग म्हणाला, पाऊसकाळ जाऊ दे. मग परत हंगाम आला. आणि मी? एकदा तरी वहिनींना हळूच सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्याला शब्द दिला होता, हे एक कारण. दुसरं लिहायला हात कचरतो, पण लिहितो. वहिनींना कळलं असतं तर डोंगर बंद झाला असता. आणि डोंगर बंद झाला की माझ्याकडं रविवार उरत नव्हता, फाट्यावर सांगायला गोष्ट उरत नव्हती. ऊस आणि म्हशी, एवढाच दत्ता उरला असता.

तेव्हा आम्ही लहान गड धरले. चढताना मुकादम पुढं. पंधरावीस पावलं जायचा, वळायचा, वाटेवर बसायचा. मिस्त्री येऊन त्याच्याशेजारी टेकायचा. श्वास जागेवर आला की कुत्रं आपण होऊन उठायचं, परत पंधरावीस पावलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुष्कळदा निम्म्यातूनच परत फिरायचो, आणि फाट्यावर मी सांगायचो, "मुकादम म्हातारा झाला. धाप लागती त्याला. त्याच्यापायी अर्धा गड सोडून यावं लागतं." तात्या म्हणायचे, "मग दुसरं कुत्रं धरा की." मिस्त्री चहाच्या कपात बघत बसायचा. बिबट्याच्या रामरामावर ज्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, त्यांनी ही थाप पहिल्या फटक्यात गिळली.

मिस्त्रीचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी निरवांगीला गेलो. वहिनी म्हणाल्या, "दत्ताभाऊ, मुकादम काय खात न्हाय. जरा फिरवून आणा. मी बी येते, घरात जीव गुदमरतोय." आम्ही कालव्याकडं गेलो. त्या सपाट मुलखात चढ असा तेवढाच, कालव्याचा भराव. मुकादम चढायला लागला. थोडं गेला, वळला आणि बसला. आमच्याकडं बघत नव्हता. आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडं बघत होता. थोड्या वेळानं उठला, चार पावलं गेला, परत बसला. एवढासा भराव, तीनदा बसला.

"काटा मोडला का परत?" वहिनींनी विचारलं.

मी मान हलवून नाही म्हणालो.

"दत्ताभाऊ, ह्यो कुणासाठी थांबतोय?"

एरवी मला भरावाचा हिमालय करायला दोन मिनिटं लागत नाहीत. त्या दिवशी सगळं सरळ सांगितलं. तोरणा, घाम, डॉक्टर, हंगाम. वहिनी ऐकत राहिल्या. रडतील वाटलं, शिव्या देतील वाटलं. त्या कालव्याच्या पाण्याकडं बघत म्हणाल्या, "मी हळद लावली हो त्या पायाला..." मग, "मला ठावं असतं, तर मी हाताला धरून नेलं असतं दवाखान्यात. भांडून नेलं असतं."

"चुकलं वहिनी."

"ते तर चुकलंच." त्यांनी पदर सावरला. "ते बी चुकले. पर ते आता न्हाईत, तुमी हाय. तुमी गावभर मुक्या जनावराला बदनाम केलंय. त्याच्यापायी गड सुटला म्हणून. ज्याच्यामुळं माझा माणूस दोन वर्षं बसत-उठत तरी घरी आला, त्यालाच. तेवढं तरी नीट करा."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही.

तात्यांच्या टपरीवर मी हे सगळं सांगितलं. सगळे शांतपणे ऐकत होते. शेवटी एकजण म्हणाला, "ही थाप मात्र भारी जमली तुला." म्हणून छापायला देतोय. मुकादमाच्या पायात काटा नव्हता. त्याला धाप लागत नव्हती. तो म्हातारा असेल, पण गड त्यानं कधीच सोडला नव्हता.

दर शुक्रवारी मी निरवांगीला जातो. वहिनी ओट्यावर येतात, माझ्याशी मोजकंच बोलतात आणि कुत्र्याला सोडतात. भरावावर मुकादम चार पावलं जातो, वळतो, बसतो. मी त्याच्याशेजारी टेकतो, पण मिस्त्रीची जागा सोडून, थोडा अलीकडं. तो ऐकत असल्यासारखा मोडका कान त्या जागेकडं करतो. मला दम लागलेला नसतो, तरी उठायची घाई करत नाही. मिस्त्रीचा श्वास जागेवर यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ जातो... मग कुत्रं आपण होऊन उठतं.