उड्डाण: सगळ्यांनी जागेवर बसणे

माझे बाबा स्वतःच्या लग्नाला दोन तास उशिरा पोचले होते. मांडव वर्ध्याला, नवरदेव भिलाईला, पोलाद कारखान्यात. रजा सकाळी सहापासून मंजूर होती, पण सहाला येणारा माणूस आलाच नाही, आणि पेटती भट्टी कुणाच्या हवाली न करता निघणं बाबांच्या रक्तात नाही. गाडी चुकली. पुढच्या गाडीनं गेले. वऱ्हाडी तोवर जेवून मोकळे झाले होते. आई अजूनही म्हणते, "मले वाटलं, या माणसानं भट्टीशीच लगन लावलं."

माझ्या जन्माला बाबा नव्हते. नाईट शिफ्ट होती. सकाळी गमबुटांसकट वॉर्डात शिरले, तर नर्सनं हाकलून दिलं. मोठ्या बहिणीला शाळेत कप मिळाला तेव्हा सेकंड शिफ्ट. तिच्या लग्नाला मात्र हजर होते, पण प्लांटमधून बोलावणं आलं आणि लेकीची पाठवणी व्हायच्या आत उठून गेले.

त्यावर आमच्या घरात एक रीत पडून गेली होती. बाबा ड्युटीवरून यायचे, हातपाय धुऊन जेवायला बसायचे, आणि आई समोर बसून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायची. कप देताना मोठ्या बाईंना शिंक आली आणि कप हातातून सुटता सुटता राहिला, इथपर्यंत सांगायची. बाबा घास हातात धरून विचारायचे, "मग?" छत्तीस वर्षं या माणसानं आपला संसार बायकोच्या तोंडून ऐकला. 'मग?' एवढाच त्यांचा वाटा. मला लहानपणी याचा फार राग यायचा. अजूनही येतो, पण आता त्यांच्या गुडघ्यांकडे पाहून मी तो गिळते.

रिटायर झाल्यावर त्यांनी भिलाईतच, रिसालीत घर बांधलं. मी जवळच जुनवानीला राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते आणि रविवारी आईच्या हातचं जेवायला रिसालीला जाते. अशाच एका रविवारी टीव्हीवर बातमी लागली की आपला एक माणूस अंतराळ स्थानकात जाणार आहे. आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, लाटणं हातातच, आणि बाबांना म्हणाली, "अजी, हे एक तरी माह्या बाजूले बसून पाहा. दरखेप मीच तुमाले सांगून राहिले. मलेही वाटते ना, कोनी बाजूले असावं."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "पाहू. लाइव्ह पाहू. आता कोनती ड्युटी हाये मले?"

आईला एवढंच हवं होतं. खुर्चीशेजारी खुर्ची, त्यावर नवरा, आणि समोर एखादी गोष्ट जी दोघांनी एकाच वेळी पाहिली. एवढ्यासाठी तिला अंतराळापर्यंत थांबावं लागलं.

मी उत्साहाच्या भरात इंटरनेटवरून उड्डाणाच्या दिवसाचं तिकडचं वेळापत्रक काढून बाबांना दिलं. नको ते काम केलं. अंतराळवीरांनी कधी उठायचं, सूट कधी चढवायचे, गाडीनं रॉकेटपाशी कधी जायचं, आत कधी बसायचं, दार कधी लावायचं, गळती कधी तपासायची, इंधन कधी भरायचं, सगळं मिनिटामिनिटानं लिहिलेलं. बाबांचा चेहरा उजळला. "हे तं कॅपिटल रिपेअरसारखं हाये!" भट्टी थंड करून, उघडून, दुरुस्त करून पुन्हा पेटवायची म्हणजे कॅपिटल रिपेअर. त्याचं तासातासाचं वेळापत्रक बाबा वर्षानुवर्षं करत आले होते, आणि रिटायर झाल्यापासून त्यांना वेळापत्रक करायला घरात दूधवाल्याशिवाय काही उरलं नव्हतं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तीन रकाने आखले. तिकडची वेळ, आपली वेळ, आणि आपलं काम. सूट चढवण्यासमोर लिहिलं, 'आंघोळ, स्वच्छ कपडे'. गळती तपासण्यासमोर, 'सिलिंडरचं रेग्युलेटर पाहणे'. इंधन भरण्यासमोर, 'चहा'. दार लावण्यासमोर लाल शाईनं, 'गेट बंद. यानंतर कोणीही बाहेर जाणार नाही'. आणि शेवटी, 'उड्डाण: सगळ्यांनी जागेवर बसणे'. तक्ता टीव्हीच्या वर चिकटवला, भिंतीवरच्या दोन फोटोंच्या बरोबर खाली, जिथं आई रोज मेणबत्ती लावून वंदना म्हणते.

आईनं चष्मा लावून तक्ता वाचला. "उडाच्या दोन-अडीच घंटे पहिलेच आत बसवतात? लघवीले लागली तं?"

"सगळी सोय असते तिथं."

"हे लिहनारी बाई असती तं पहिले हेच विचारलं असतं," आई म्हणाली आणि आत गेली.

मग उड्डाण पुढे जायला लागलं. कधी हवा बिघडली, कधी कुठं गळती निघाली. दर वेळी आई आदल्या दिवशी बटाटे उकडून ठेवायची, दर वेळी तारीख रद्द व्हायची, आणि उकडलेल्या बटाट्यांचं करायचं काय म्हणून आलूबोंडे व्हायचेच. यान काही जाईना, आलूबोंडे मात्र दर खेपेला गेले. मी वैतागले. बाबा अजिबात नाही. "गळती हाये तं थांबलंच पायजे. घाई करनाऱ्याचं तोंड भाजते," असं म्हणून ते नवा तक्ता आखायचे. सहावा तक्ता झाला तेव्हा घरातली जुनी कॅलेंडरं संपली.

सातवा तक्ता त्यांनी माझ्या भाच्याच्या ड्रॉइंगच्या कागदावर केला, आणि घोळ झाला तो इथं.

आधीच्या सगळ्या वेळा तिकडच्या सकाळच्या होत्या. या वेळी तिकडची वेळ होती बुधवार, रात्री अडीच. आता साध्या माणसाच्या हिशोबानं मंगळवारची रात्र बारा वाजता संपते आणि अडीचला बुधवार लागलेला असतो. पण बाबांच्या खात्यात दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. रात्री दहाला लागलेली नाईट शिफ्ट ज्या वारी लागली त्याच वाराची, मग ती दुसऱ्या सकाळी संपेना का. बुधवारी रात्री अडीच म्हणजे बुधवारची नाईट, म्हणजे जगाच्या कॅलेंडरात गुरुवार. त्यात साडेनऊ तास मिळवले की आपल्याकडे गुरुवार, दुपारचे बारा. बाबांनी ठळक अक्षरात गुरुवार लिहिलं.

पेपरात बुधवार छापून आलं होतं. बाबांनी पेन घेऊन पेपर दुरुस्त केला! "पेपरवाल्यानं कधी नाईट केली हाये का? त्याले काय समजते?" नागपूर, चंद्रपूर, वर्धा, सगळीकडे फोन लावून सांगितलं की बुधवारवर विसंबू नका. मीही तपासलं नाही. इतक्या वेळा तारीख हलली होती की बातम्यांवरचा विश्वास उडाला होता, आणि बाबांची वेळापत्रकं कधी चुकत नसत. चुकायचे ते बाबा.

बुधवारी अकराच्या सुमारास मी स्टाफरूममध्ये डबा उघडला. एक सहकारी म्हणाली, "मॅडम, आज बारह बजे है ना?"

"कल है," मी म्हणाले.

"आज है, मॅडम."

मी चिडले. बापाच्या जिवावर माणूस किती जोरात भांडतो हे त्या दिवशी कळलं. मी पूर्ण स्टाफरूमला नाईट शिफ्ट समजावून सांगितली, खडूनं टेबलावर घड्याळ काढून. तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर चौघं जण पांढऱ्या सुटात, पट्ट्यांनी बांधलेले, दार लागलेलं, पाठीवर निजून छताकडे बघत होते. दार लागलं होतं म्हणजे तक्त्याप्रमाणे यानंतर कोणीही बाहेर जाणार नव्हतं.

मी घरी फोन लावला. "बाबा कुठे आहेत?"

"मोहन नगरले गेले, दुर्गले. दोस्ताले सांगाले, का उद्या बारा वाजता ये म्हनून."

"आई, टीव्ही लाव. आजच आहे."

टीव्ही लागल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अति शहाना, त्याचा बैल रिकामा." आणि फोन ठेवला.

बाबांना फोन लावून उपयोग नव्हता. गाडी चालवताना मोबाइल डिक्कीत, हा त्यांचा सेफ्टीचा नियम. मी तरीही लावत राहिले. हेडमास्तरांकडून अर्धी रजा मागून घेतली. कारण काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. स्कूटीवरून रिसालीला पोचले तेव्हा बाराला दहा कमी होती.

आई टीव्हीसमोर बसली होती. शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली, रिकामी. पदर नीट केलेला, केस विंचरलेले. तक्त्यातलं 'स्वच्छ कपडे' तिनं एकटीनं पाळलं होतं.

"बटाटेही उकडले नाही मी," ती म्हणाली. डोळे भरले होते. "आता तं भट्टीही नाही ना गं. आता कावून नाही हा मानूस बाजूले?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा.

"एकोणीस मिस कॉल! काय झालं? कोन गेलं?"

"अजून कोणी गेलं नाही," मी ओरडले. "सात मिनिटांनी जाणार आहेत! आज आहे, बाबा, आज! कुठे आहात तुम्ही?"

ते दुर्गहून परतताना रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर थांबले होते. ट्रकच्या आवाजात त्यांची तास मोजल्याची पुटपुट ऐकू आली. मग बारीक आवाजात, "नाईट... हां. त्यांची नाईट आपल्यासारखी नसन." आणि मग घाईघाईनं, "मी येतो. निंगतो आता."

आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "काही निंगू नका! गाडी पळवान अन् हातपाय मोडून घ्यान. जिथं हा तिथंच उभे राहा. मी सांगते."

तिनं फोन स्पीकरवर टाकून रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि सांगायला लागली. रॉकेट उभं हाये. पांढरा धूर निंगून राहिला, पन घाबरू नका, तो पहिलेपासूनच हाये. आपला मानूस दोन नंबरले बसला. खाली आकडे पडून राहिले. एक मिनिट. टपरीवरही कोणाच्या तरी मोबाइलवर तेच चाललं होतं. हिंदीतला गलबला ऐकू येत होता. आईनं दहापासून उलटे आकडे मोठ्यानं म्हटले, पुढे झुकून, खुर्चीवरच्या फोनला. आणि मग किंचाळली, "उठलं! अजी, उठलं!"

"उठ गया!" पलीकडून बाबांचा आवाज आला. "उठ गया रे!"

"कहाँ उठा, बाबूजी?" कोणीतरी हसलं. "अभी तो गिनती चल रही है।"

त्यांच्या मोबाइलवर सगळं आमच्या टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट मागे होतं. इकडे रॉकेट ढगांपार जात होतं, आई सांगत होती, किती उजेड, कशी शेपटी. तिकडे लोक बाबांना हसत होते. मग एकदम टपरीवर आरडाओरडा झाला, टाळ्या पडल्या, आणि तोच माणूस म्हणाला, "बाबूजी, आपको पहले कैसे पता चल गया?"

"घर से खबर है," बाबा म्हणाले.

जन्मभर सगळीकडे उशिरा पोचलेला माझा बाप त्या टपरीवर पहिला होता. मी तोंड फिरवून तक्त्याकडे बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते आईला दिसायला नको होतं.

एक वाजता ते आले. हेल्मेट काढलं, हातपाय धुतले, फोन उचलून बाजूला ठेवला आणि त्याच खुर्चीवर बसले. टीव्हीवर उड्डाण पुन्हा पुन्हा दाखवत होते. आईनं बटाटे कुकरला लावले होते, ती पदराला हात पुसत येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "पाहा, आता तं दिसून राहिलं."

बाबांनी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. खुर्ची जराशी तिच्याकडे वळवली.

"तू सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."