पाण्याची वेळ : मुरुड ते अलिबाग, पायी

मी जात्याच घाबरट. रायपूरजवळच्या आमच्या गावात सुपेल्याच्या चौकात रस्ता ओलांडायचा तरी मी आधी एखादी खमकी म्हातारी शोधते आणि तिच्या मागोमाग निघते. अशा बाईनं मुरुडपासून अलिबागपर्यंत समुद्राकाठानं, एकेक जुना किल्ला बघत, पाठीवर पिशव्या टाकून पायी जायचं ठरवलं, म्हणजे कारणही तसंच असणार.

कारण होतं आमच्या विलासरावांचा उजवा पाय. हे गावातल्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवतात. केबिन तीन मजले वर, चढायला उभी लोखंडी शिडी. गेल्या वर्षी स्कूटर घसरली, घोटा मोडला, आत स्टीलची पट्टी बसली. नऊ महिने घरी काढले. फेब्रुवारीत मेडिकल होतं. पाय ठीक तर पुन्हा क्रेन, नाहीतर खाली स्टोअरमध्ये खुर्ची.

मला खुर्ची हवी होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदा लिहिते आहे. वीस वर्षं त्या शिडीचा घोर मी घेतला आहे, आता देवानंच सोय केली असं वाटलं होतं. पण खुर्चीचं नाव काढलं की विलासरावांचा चेहरा उतरायचा.

"डॉक्टर काय, टेबलावर झोपवून तपासते," ते म्हणाले. "मले पन्नास किलोमीटर चालून पाहाचं आहे. अन् शाळेपासून जंजिऱ्याचं चित्रच पाहून राहिलो, एकदा खरा तर पाहू."

"अन् मधात दुखला तर?"

"तर बसन ना स्टोअरात. मीच सांगन."

मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं ते तुम्हाला कळलंच असेल.

मग सुरू झाली तयारी. डिसेंबरभर सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये दुसरा विषय नव्हता. कोणत्या गावात मुक्काम, कुठे डांबरी रस्ता, कुठे वाळू, दवाखाना कुठे, सगळं वहीत. शेवटी 'काय काय बिघडू शकतं' याची यादी केली, ती आठ पानं झाली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तसं. रायपूरला शिकणारी आमची श्रुती फोनवर ओरडली, "मम्मी, टेंशन मत ले ना! तू फिरायले चालली का लढाईवर?"

सगळ्यात जास्त धास्ती अलिबागच्या किल्ल्याची. हा भर समुद्रात. ओहोटीला पाणी ओसरतं तेव्हा चालत जाता येतं, भरतीला वाट बुडते. मी फोनवर वेळ शोधली. सोमवारी सकाळी आम्ही तिथे असणार होतो, आणि सोमवारची ओहोटी होती साडेनऊची. एका कार्डावर लाल पेनानं लिहिलं, 'पाणी : साडेनऊ', आणि ते फ्रिजवर विलासरावांच्या ड्यूटी-चार्टशेजारी चिकटवलं. सोमवार का, तर मध्ये मी दोन दिवस आरामाचे घातले होते. पायासाठी, असं सांगितलं होतं. खरं तर थांबले की दुखणं जाणवेल, ही माझी आशा.

जानेवारीत निघालो, फ्रिजवरचं कार्ड पर्समध्ये टाकून. दुर्गहून गाडीनं कल्याण, तिथून एसटीनं पनवेल, पनवेलहून मुरुड. आमच्याकडून जाणाऱ्यांनी प्रवासाचा पूर्ण दीड दिवस धरावा. डब्यात ठेचा आणि तिळाची चटणी नक्की न्या, कारण तिकडे भाजीतही नारळ आणि आमटीतही नारळ. तिसऱ्या जेवणाला विलासराव म्हणाले, "गोड लागून राहिलं व सगळं." राहणं-जेवण घरगुती मिळतं, दोघांचं दिवसाला दोन हजारांत भागतं.

मंगळवारी राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा बघितला. होडी एका अंगावर कलली की मी विलासरावांचा दंड धरायची, त्यावर माझ्या नखांचे वळ उठले. ते मात्र भिंतीकडे बघत होते. खाऱ्या पाण्यात इतकी वर्षं उभी आणि दगड जागचा हललेला नाही, हे त्यांनी मला चारदा सांगितलं.

बुधवारी मुरुड ते काशीद, अठराएक किलोमीटर. वाळू दिसली की वाळूतून, खडक आला की डांबरी रस्त्यानं. घाट छोटे आहेत, पण चढ दम काढतात. मी पूर्ण दिवस समुद्र कमी आणि विलासरावांचा घोटा जास्त बघितला. लंगडले का? वाकून चोळला का? काही नाही. संध्याकाळी माझ्याच टाचेला फोड.

"उद्या आराम," मी म्हटलं.

"कायचा आराम? मी फस्क्लास आहो. चाल ना वो!"

काशीदच्या घरमालकीण बाई भाकरी वाढत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "अहो, दादांना चालू द्या की. तुम्हीच दमलेल्या दिसताय."

गुरुवारी कोर्लई. गावाबाहेर समुद्रात घुसलेल्या डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, पायथ्याशी दीपगृह. पायऱ्या उभ्या, सुटे दगड. पाणी बरोबर घ्या, वर मिळत नाही. विलासराव माझ्याआधी माथ्यावर पोचले आणि तोफेजवळ उभं राहून हात हलवायला लागले. मी खालून बघत होते आणि मला आनंद झाला नाही. शरम वाटली, पण आनंद नाहीच झाला. हा माणूस आता शिडी चढणार, बस्स, एवढंच डोक्यात.

त्याच दिवशी खाडीवरच्या पुलावरून रेवदंडा गाठला. गावाला जुन्या तटाची भिंत अजून वेढा घालून आहे, घरं-बागा सगळं आत. तिथला आरामही त्यांनी उडवला. शुक्रवारी चौल, नागाव, आक्षी करत नारळी-पोफळीच्या वाड्यांतून अलिबाग. म्हणजे सोमवारचा किल्ला आता शनिवारी सकाळी. हॉटेलवाल्याला एकदा विचारलं असतं तर? पण विचारायचं काय, वेळ तर कार्डावर लिहिलेली होती.

साडेआठला किनाऱ्यावर पोचलो. पाणी घोट्याएवढं होतं. लोक मात्र उलट येताना दिसत होते. मी म्हटलं, लवकर आटपलं असेल त्यांचं. अनवाणी जाऊ नका, शिंपले कापतात. पायात बसणारे रबरी बूट घाला.

किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, गणपतीचं देऊळ आहे, उत्तरेच्या बाजूला गाड्यावरच्या तोफा आहेत. आम्ही आरामात बघत होतो. सव्वानऊला दरवाज्याशी शेवटची घोडागाडी निघत होती. गाडीवाला ओरडला, "ओ काकी, बसा पटकन! पाणी भरायला लागलं."

"इतक्यात? आत्ता तर ओहोटी यायची आहे," मी त्याला कार्ड दाखवलं.

त्यानं कार्डाकडे ढुंकूनही बघितलं नाही. विलासराव म्हणाले, "चाल, बसून जाऊ. तो इथचा माणूस आहे."

"त्याले भाडं पाहिजे," मी म्हटलं. आयुष्यात एकदाच ठाम राहिले, तेही तिथे.

पंधरा मिनिटांनी बाहेर आलो तर वाट कुठे? सगळीकडे पाणी. माझं धाबं दणाणलं. "चला, चला लवकर," म्हणत मीच आधी उतरले. गुडघे, मग मांड्या. मध्यावर गेलो तर लाट कमरेला लागली आणि खालून शेवाळलेला दगड सटकला. मी थिजले. पुढे जाईना, मागे जाईना. पिशवी ओली, तोंडातून फक्त "बाप्पा, बाप्पा".

विलासरावांनी माझं मनगट पकडलं. उजवा पाय दोन दगडांच्या बेचक्यात रोवला आणि उभे राहिले. लाट आली की म्हणायचे, "थांब." गेली की, "टाक पाऊल." थांब, टाक. केबिनमधून अवघड माल उतरवताना असंच करत असतील. घाबरलेले नव्हते असं नाही, त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पण पाय हलला नाही. किती वेळ लागला मला सांगता येणार नाही.

काठावर तोच गाडीवाला उभा. भडकलाच. "भरती येतेय दिसतं ना? किल्ल्यातच बसायचं, वर पाणी झालं की होडी येते न्यायला! ही वेळ कुठची लिहून आणलीत?"

"सोमवारची," मी म्हटलं.

"आज शनिवार आहे, काकी! आजची ओहोटी आठच्या आधीच झाली. पाणी रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकतं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्या घरात आठवडाभर ए शिफ्ट म्हणजे आठवडाभर सकाळी सहा. पाणी येतं ते नळाला, आणि रोज त्याच वेळेला. पाण्याची वेळ रोज बदलते हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तेव्हा वाचकहो, ज्या दिवशी जाल त्याच दिवसाची वेळ बघा, आणि तरीही तिथल्या माणसाला विचारा.

परतीच्या गाडीत गोंदिया गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "मले वाटत होतं तुमचा पाय दुखावा."

"मले मालूम होतं. पाच दिवसांच्या फिरण्यात दोन दिवस आरामाचे कोण ठेवते?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "दुखला होता. पाण्यात, मधात. लय दुखला."

"मंग कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तू हात सोडवून घेतला असता. मले टेका द्यायले."

मी रडले, समोरच्या बाकावरची बाई बघत होती तरी.

फेब्रुवारीत मेडिकलचा फॉर्म आला. 'काही त्रास?' या रकान्यावर पेन थांबवून विलासराव माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तू सांगशीन थे लिहितो." 'दुखतो' एवढा एक शब्द, की खुर्ची पक्की. इतके महिने मला तेच हवं होतं.

"जे खरं आहे थेच लिहा," मी म्हटलं. "दुखते, पण घसरत नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला, शिडी चढायला लावली आणि सही केली.

लाल अक्षरांचं ते कार्ड मी वाळवून पुन्हा फ्रिजवर लावलं आहे. शेजारी नवा ड्यूटी-चार्ट आहे. या आठवड्यात ए शिफ्ट. सकाळी सहाच्या सुमाराला फोनवर एकच शब्द येतो, 'चढलो'. तोवर माझा चहा गॅसवर तसाच असतो.