हात वर करायचा होता फक्त

आता कुठल्या तोंडानं सांगू? पण सांगतेच. नाहीतर गोरख तिखटमीठ लावून सांगेल. गोरख म्हणजे आमच्याकडचा वनरक्षक, मिशीवाला आगाऊ माणूस.

आमचं रान सीना नदीच्या काठाला. भोवती अभयारण्य, मधे आमची ज्वारी. आता हरणं येतात, खातात, जातात, आपण नुसतं बघायचं. पूर्वी असं नव्हतं हो! बाप शेतात चार मेढी रोवून उंच माळा बांधायचा, की हुरड्यापासून काढणीपर्यंत मी त्याच्यावर. हातात अंबाडीची गोफण.

आणि माळढोक पक्षी यायचा. आम्ही त्याला हूम म्हणायचो. मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, चाल अशी की पाटील बांध बघायला निघालेत! तो दिसला की मी ओरडायची, "हाऽऽ हुर्रऽऽ!" आणि सोडायची दगड. तो जड अंगानं धावत धावत उडायचा. खालून बाप म्हणायचा, "शाबास, माझी वाघीन!"

मग तो यायचा थांबला. बापही गेला. माळा मात्र मी अजून दरवर्षी बांधून घेते. वर खुंटीला बापाची गोफण. कुणी म्हातारीचं खूळ म्हणा. म्हणा खुशाल!

तर यंदा थंडीत, एका सकाळी, तो पुन्हा दिसला! मी तडक गोरखला गाठलं.

"मोर आसंल, मार्थाआजी."

"मोर? अरे, तुझा बाप रांगत होता तेव्हापासून मी त्याला हाकलतेय!"

"मंग तुमीच संपवला म्हना की!"

लागलं मला ते. तशीच वनखात्याच्या ऑफिसात गेले आणि त्याच्या साहेबांच्या टेबलावर हात आपटला. "उद्या पहाटे या. माझा शब्द खोटा ठरला, तर मिरजगावच्या बाजारात पुन्हा तोंड दाखवणार नाही!"

आले की हो! साहेब मोठा कॅमेरा घेऊन ज्वारीत दबा धरून बसले, शेजारी गोरख. मी माळ्यावर, कारण तो आधी मलाच दिसणार.

"आजी, आवाज अजिबात नको. दिसला की फक्त हात वर करा."

"साहेब, मला शिकवू नका."

ऊन वर आलं. आणि नदीकडून, बांधावरून, तो आला. तीच मान, तीच टोपी, तीच चाल! डोळे भरून आले माझे. वाटलं, खाली बाप उभा आहे. ठरल्याप्रमाणे मी हात वर केला.

हातात गोफण होती, हे मला दगड सुटल्यावर कळलं.

"हाऽऽ हुर्रऽऽ!"

साहेब दचकून माझ्याकडे वळले, दगड त्यांच्या टोपीवरून सणसणत गेला, आणि दोघेही सरीत पालथे! हूम उठला, नदी ओलांडून गेला. किती देखणा गेला म्हणून सांगू!

"बघितलात? खोटं बोलत होते का मी?"

साहेब तोंडातली माती थुंकत म्हणाले, "आजी, आम्ही ढेकळं बघितली!"

"पर साहेब, दचकताना बटन दाबलं ग्येलंय," गोरख म्हणाला. "फोटू आलाय येक."

साहेबांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि ते जीपकडे चालू लागले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तोंड पदरात झाकून त्यांच्या ऑफिसावरून जात होते. दारातून दिसलं, भिंतीवर माझा हा एवढा मोठा फोटो! गोफण उगारलेली, तोंड उघडं, केस पिंजारलेले. चला, म्हटलं, पटलं शेवटी यांना. पदर खाली घेतला, ताठ मानेनं आत गेले. फोटोखाली ठळक अक्षरं होती.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. चर्चमध्ये गीतांच्या पुस्तकावर बोट फिरवत स्वतःच अक्षरं शिकले, आणि जन्मभर त्याचा तोरा मिरवला. तसंच बोट फिरवत वाचलं, 'माळढोक कमी होण्याची कारणे.'

अडाणी राहिले असते, तर पेढे वाटून आले असते!