स्थानबद्ध लांजेवारची उचकी

भूत, भानामती, करणी, नजर... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आमच्या जबलपूरच्या मदन महल भागातल्या घरी बायको दारावर लिंबू-मिरची टांगायची आणि मी ऑफिसला निघताना विचारायचो, 'याचं संध्याकाळी सरबत होईल का?' नोकरीही केंद्र सरकारची. तिथे जे कागदावर नाही ते जगातच नाही. म्हणून हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते भर दुपारी झालं, माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि साक्षीला एक पोलीस इन्स्पेक्टर होता — तोही खुर्चीसकट हवेत!

पासष्टची लढाई चालू होती. जबलपूरमध्ये घराघरांच्या काचांवर काळे कागद चिकटवलेले होते. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या बसमध्ये शिफ्टला जाणारी माणसं एकमेकांशी कुजबुजत बोलायची. शहराला हेर दिसून राहिले होते, असं म्हणा. आमच्या शेजारचे भैयाजी कबुतरं पाळायचे. त्यांना ठाण्यात नेऊन विचारलं, 'कबुतरं कुठवर जातात?' भैयाजी म्हणाले, "जाते कहीं भी हैं, वापस आ जाते हैं." यावर संशय आणखीच वाढला.

अशा दिवसांत श्रावण लांजेवार पकडला गेला.

श्रावण मूळचा भंडाऱ्याकडचा. खमरियाच्या वाटेवर एका ठेकेदाराची शेड होती, तिथे दारूगोळा भरायच्या लाकडी पेट्या बनायच्या. श्रावण त्या पेट्यांना खिळे ठोकायचा. लाकूड वाळवायला शेडमध्ये एक बॉयलर होता. लढाई चालू असताना एका दुपारी श्रावणला खिळे ठोकता ठोकता उचकी लागली. त्याने हातोडा फेकला आणि ओरडत सुटला, "भागा! सारे बाहेर भागा!" कोणी हलेना, तेव्हा त्याने एकेकाला ढकलून बाहेर काढलं. मुनीम कोपऱ्यात जेवायला बसला होता. तो "काय झालं, काय झालं" म्हणेपर्यंत श्रावणने त्याला उचलून शेतात नेऊन ठेवलं. आणि बॉयलर फुटला! छपराचे पत्रे पार तुरीत जाऊन पडले. माणूस मात्र एकही जखमी नाही. मुनिमाची भाजी सांडली, तेवढीच.

संध्याकाळी लोकांनी श्रावणला हार घातला. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. प्रश्न एकच — तुला आधी कळलं कसं?

श्रावण म्हणाला, "मले उचकी लागली जी."

या एका वाक्याने त्याचा घात केला. इन्स्पेक्टर राठौर म्हणजे सहा फुटी माणूस, मिशा अशा की आधी मिशा खोलीत यायच्या. त्यांनी विचारलं, "हिचकी तब आती है जब कोई याद करता है. बोल, कौन याद कर रहा था? सीमा के उस पार से?" श्रावणला वाटलं साहेब गंमत करून राहिले. तो हसला. तेही त्याच्या विरुद्ध गेलं. आज ज्याला टेररिस्ट म्हणतात त्याला तेव्हा 'घातपाती' म्हणायचे. तो शिक्का बसला आणि श्रावण खटल्याशिवाय स्थानबद्ध झाला. सिव्हिल लाइन्समध्ये आमच्या ऑफिसला लागूनच एक जुना रिकामा बंगला होता. तिथे अशा पाच-सात जणांना ठेवलं होतं.

लढाई थांबल्यावर वरून हुकूम आला — प्रत्येक स्थानबद्ध माणसाची तपासणी करा, सोडला तर देशाला धोका किती ते कळवा. श्रावणचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. त्याच्या जबाबांचा कोणालाच धड अर्थ लागेना. ऑफिसात मराठी मी एकटा. आमचे वरिष्ठ तिवारीजी यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"देखो भाई, जाओ, मिलो, बात करो. फिर लिख दो कि ख़तरा है."

"सर, मिलने से पहले ही?"

"अरे, अंदर रहेगा तो किसी की नौकरी नहीं जाएगी. बाहर जाके कुछ फट गया... तो पहले तुम्हारी जाएगी, फिर मेरी."

तिवारीजी वाईट नव्हते. त्यांच्या तीन मुलींची लग्नं व्हायची होती. माझंही नुकतंच लग्न झालेलं. मी "जी सर" म्हणून बाहेर आलो, तर बाहेर चिंचेखाली श्रावणची बायको बसलेली. पार्वता. लहानखुरी, पण आवाज खणखणीत. ती रोजच यायची आणि जो कारकून दिसेल त्याला धरायची. मी मराठी आहे हे कळल्यापासून मलाच धरायला लागली.

"साहेब, काहून ठेवलं जी माह्या माणसाले? त्यानं लोकं वाचवले ना?"

"बाई, त्याला आधी कळलं, हीच अडचण आहे."

"त्याले तं नेहमीच कळते. आमच्या लग्नात मंडपातली गॅसबत्ती फुटली, त्याच्या आंधी बी लागली होती उचकी. माह्या बापानं तवाच म्हटलं, पोरगा कामाचा हाय." मग जरा थांबून म्हणाली, "लेकरू इचारते, बाबा कुठी गेला. मी सांगतो, सरकारी कामाले. आता किती दिवस सांगू?"

 

श्रावणची भेट बंगल्याच्या मागच्या खोलीत ठरली. टेबलामागे राठौर साहेब, बाजूला मी, समोर स्टुलावर श्रावण. दांडगा माणूस, पण लाजाळू, बेड्या घातलेले हात मांडीवर ठेवून बसलेला. राठौर साहेबांच्या खुर्चीमागे शिपायाने चहासाठी पितळी स्टोव्ह पेटवून ठेवलेला. स्टोव्ह फरफरत होता.

मी म्हटलं, "श्रावण, कसा आहेस?"

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तुमी मराठी बोलून राहिले जी! किती महिन्यांनी ऐकलं... बोला, अजून बोला. काहीबी बोला."

मी नेमून दिलेले प्रश्न विचारले.

"परक्या मुलुखात तुझे कोणी ओळखीचे?"

"हायेत ना. रायपूरले मेव्हणा हाय."

"तुला सोडलं तर सगळ्यात आधी काय करशील?"

"आंघोळ."

"मग?"

"मंग जेवीन. मंग बायको जे सांगन ते."

राठौर साहेबांना हे कामाचं वाटेना. त्यांनी फर्मान काढलं, "हिचकी लेके दिखाओ." श्रावण म्हणाला, ती मागून येत नाही. "अच्छा? नहीं आती?" म्हणून त्यांनी शिपायाला पिटाळलं आणि हिरव्या मिरच्या आणवल्या. श्रावणने मुकाट्याने दोन मिरच्या खाल्ल्या. डोळे लाल झाले, नाक गळायला लागलं, आणि उचक्यांची रांग लागली. आम्ही तिघेही वाट बघतोय... छताकडे, खिडकीकडे, एकमेकांकडे. काही म्हणजे काही फुटलं नाही.

"फेल!" राठौर साहेबांनी टेबलावर हात आपटला. "लिखिए बाबू, झूठा है!"

"ही मिरचीची हाय जी," श्रावण नाक पुसत म्हणाला. "ती अलग असते. ही गळ्यातून येते. ती इथून येते." त्याने बेड्यांचे हात बेंबीवर ठेवले.

मला हसू आवरेना. खरं सांगतो, मी तेव्हा मनात ठरवून टाकलं होतं — भोळा माणूस आहे, बॉयलरचा कुठला तरी आवाज कानावर पडला असेल, त्याने बरोबर ओळखलं असेल. चलो, संपलं. मी उठायच्या बेतात होतो. श्रावणला पाणी दिलं, उचक्या थांबल्या.

आणि मग एकच आली.

वेगळीच होती. आवाज जवळजवळ नाहीच, पण तो एवढा मोठा देह स्टुलावर दचकल्यासारखा उडाला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी पाहिला. "साहेब, उठा," तो म्हणाला. मी म्हटलं, "काहून?" तो आधीच टेबलाला वळसा घालून गेला होता. राठौर साहेब "ए! ए! बैठ!" म्हणतायत, तोवर त्याने बेड्यांच्या हातांनी त्यांची खुर्ची कवटाळली, त्यांच्यासकट उचलली आणि दाराबाहेर पळाला. जाता जाता मला खांद्याचा असा धक्का दिला की मीही अंगणात.

अंगणात नुसता गोंधळ! शिट्ट्या वाजल्या, शिपाई धावले, बंदुका रोखल्या गेल्या. मधोमध श्रावण, त्याच्या मिठीत खुर्ची, खुर्चीत राठौर साहेब, आणि त्यांचे पाय हवेत. "उतार मुझे! भाग रहा था! सबने देखा, भाग रहा था!"

हसण्यासारखं दिसत असेल, पण आता हा माणूस संपला होता. पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला, पळून जायचा प्रयत्न... याच्या सुटकेचं नाव आता कोणी काढलं नसतं. श्रावणने खुर्ची हळूच खाली ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिला. खोलीत सगळं शांत. एक शिपाई पुढे झाला, त्याने श्रावणची गचांडी धरली...

तेवढ्यात खोलीत स्टोव्ह फुटला.

खिडकीच्या काचा अंगणात आल्या. आत जाऊन बघतो तर राठौर साहेबांची खुर्ची जिथे होती, तिथली भिंत काळी ठिक्कर आणि टेबलाची ती बाजू पेटलेली. शिपायांनी बादल्यांनी विझवली. स्टोव्हची पितळी टाकी फाटून भिंतीत रुतली होती — बसलेल्या माणसाच्या मानेच्या उंचीला. राठौर साहेबांनी तिच्याकडे बघत स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. मिशा पहिल्यांदाच खाली आलेल्या.

मग सवयीने म्हणाले, "इसको... पता कैसे था?"

मी म्हटलं, "राठौर साहेब, स्टोव्ह आपके सिपाही ने जलाया. ये तो हथकड़ी में सामने बैठा था."



आता अहवाल लिहायचा होता आणि मी पेचात. उचकी खरी असं लिहावं, तर मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. खोटी लिहावं, तर बॉयलर श्रावणनेच फोडला असा अर्थ होतो. आणि तिवारीजींच्या म्हणण्याप्रमाणे नुसतं 'धोका आहे' लिहून मोकळं व्हावं... तर ती पितळी टाकी डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी मी लिहिलं, की सदर इसमाविरुद्ध घातपाताचा पुरावा नाही. मात्र त्याला कोठडीत ठेवल्यापासून कोठडीच्या इमारतीत स्फोट झालेला आहे. सबब त्याला सोडण्यातला धोका ठेवण्यातल्या धोक्यापेक्षा कमी आहे.

तिवारीजींनी ते दोनदा वाचलं. "मतलब... ये यहाँ रहेगा तो यहाँ और भी कुछ फट सकता है?"

"कह नहीं सकते सर. बंगला हमसे लगा हुआ है, बस."

त्यांनी एकदा वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या चहाचं पाणी तापवायच्या बंबाकडे, आणि पेन मागितलं. शिफारस त्याच दुपारी वर गेली. राठौर साहेबांचं मत मागवलं गेलं, तर त्यांनी 'आपत्ति नहीं', म्हणजे हरकत नाही, एवढंच कळवलं. पण सुटकेच्या आदल्या दिवशी ते श्रावणला जीपमधून आपल्या घरी घेऊन गेले, स्वयंपाकघरात बसवलं, आणि मिसेस राठौरनी पूर्ण स्वयंपाक होईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. श्रावण भरपेट पुऱ्या खाऊन परत आला.

सुटला त्या सकाळी बंगल्याच्या फाटकाशी लेकराला कडेवर घेऊन पार्वता उभी होती. त्याला बघून आधी रडली, मग वाळला म्हणून त्याच्यावरच रागावली, आणि पदरातले मुरमुरे काढून दिले. त्याने मूठभर कोरडे मुरमुरे तोंडात कोंबले आणि...

उचक!

पहारेकरी झटकन नालीत. तिवारीजी मोटारीमागे. राठौर साहेब, सहा फुटी माणूस, धुळीत सपाट पालथे. मीही कधी आडवा झालो कळलं नाही. रस्त्यावर उभे फक्त ते नवरा-बायको.

"उठा जी," श्रावण ओशाळून म्हणाला. "सुक्या मुरमुऱ्याची हाय."

आम्ही कपडे झटकत उठलो, कोणी कोणाकडे न बघता.

पुढे मी अनेकांना विचारलं. एक डॉक्टर म्हणाले, पोटाच्या पडद्याचा विकार. कारखान्यातल्या एका इंजिनिअरचं म्हणणं, धातू फुटण्याआधी थरथरतो, ते काही लोकांना जाणवत असेल. मग राठौर साहेबांच्या पाठीला ते का जाणवलं नाही? ते तर स्टोव्हकडे पाठ करूनच बसले होते. माझा धाकटा भाऊ म्हणतो, योगायोग. तो शब्द मीही वापरून बघितला. पण त्या अंगणात शिपायाने गचांडी धरलेली असताना श्रावण ज्या तऱ्हेने डोळे मिटून वाट बघत उभा होता, तिथे तो शब्द पुरत नाही.

त्या दिवशी मी त्या दोघांना बसपर्यंत सोडायला गेलो. ते गावी चालले होते, भंडाऱ्याला. पार्वता लेकराला घेऊन आत जाऊन बसली. श्रावण पायरीवर थांबला.

"साहेब, तुमी लिहून देल्लं म्हणून सुटलो. पण एक सांगा... तुमाले खरं वाटलं का जी?"

"मी लिहिलं ना, तुझ्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून."

"ते लिहिलं. वाटलं काय, ते इचारून राहिलो."

तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला, पार्वताने आतून हाक मारली, आणि बस हलली. श्रावण पायरीवरून मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होता, उत्तर येईल म्हणून. मी नुसता हात हलवत राहिलो. आता माझी ऐंशी उलटली. ते उत्तर मला तेव्हा सापडलं नव्हतं, आणि अजूनही सापडलेलं नाही.