शांता आणि दत्तूचं पोट

चार माणसांत कुणी नाकाला पदर लावला, की माझी धाकटी जाऊ शांता मोठ्याने म्हणायची, "व्हय, माझ्या पोराला झालीय. धुऊन आणते. तुमचं चालू द्या." मग दत्तूला दंडाला धरून हौदाकडे न्यायची. ती लाजायची नाही. बाकीच्या बायांनाच खाली बघावं लागायचं.

दत्तू सात-आठ वर्षांचा. पाढे धडाधड म्हणायचा, पण चड्डी सारखी भरायची. थोडंसं, पातळ. विचारलं तर म्हणायचा, "मला कळलंच न्हाय." मास्तर त्याला वर्गाच्या दाराशी वेगळा बसवायचे. घाण झालेल्या चड्ड्या तो कडब्याच्या गंजीत लपवायचा. वैरण काढताना त्या हाती लागल्या, की त्याचा बाप, माझा दीर नामदेव, कासऱ्याने मारायचा. "एवढा घोडा झालास, मस्ती चढलीय तुला."

आमच्या निरवांगीच्या घरात सासूचा, म्हणजे आत्याबाईंचा शब्द चाले. पातळ होतंय म्हणजे हगवणच, हे त्यांचं पक्कं. रोज डाळिंबाची साल उकळून पाजायच्या, जायफळ उगाळून चाटवायच्या. पालेभाजी बंद, फळं बंद. पोरगं वाळत चाललं आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. शेवटी त्यांनी ठरवलं, अमावास्येला पोटावर बिब्ब्याचा डाग द्यायचा. असले डाग आमच्याकडे पुष्कळांच्या पोटावर आहेत. माझ्याही आहे.

शांता म्हणाली, "आक्का, त्याच्या आदी मी बारामतीला दाखवणार. येताय का एकटी जाऊ?"

मी गेले. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं, पाठ बघितली, बराच वेळ विचारपूस केली आणि म्हणाले, "ह्याला जुलाब नाहीत. ह्याचं पोट तुंबलंय."

शांता भडकली. "चड्ड्या मी धुते का तुमी?"

डॉक्टर हसले. तिचा हात धरून पोराच्या ओटीपोटावर ठेवला. आत दगडासारखी गाठ लागत होती. ते म्हणाले, तो साचलेला मळ आहे. कधीतरी खडा उतरताना दुखलं असेल, म्हणून पोरगं दाबून धरायला लागलं. साचून साचून आतडं सैल पडलं, त्याला जाणीव राहिली नाही. आता गाठीच्या कडेने पातळ झिरपतं, ते त्याला कळत नाही. "तो मुद्दाम करत नाही. मारलंत तर उलट तो जास्त दाबून धरेल."

शांताने पोराकडे बघितलं. "दुखतं व्हय रं?"

"काचा असल्यागत."

"मग बोलला का न्हाईस?"

"आजीनं अजून साल पाजली असती."

डॉक्टरांनी आधी पोट साफ व्हायचं आणि मग रोज घ्यायचं औषध दिलं. सांगितलं, जेवण झालं की निवांत बसवा, भरपूर पाणी पाजा, साल-जायफळ बंद. आतडं पहिल्यासारखं व्हायला महिनेच्या महिने लागतील. बरं वाटलं तरी औषध आपल्या मनाने सोडू नका.

पहिल्या दिवसांत घर वासाने भरलं. आत्याबाई ओरडल्या, "डागदरानं पोराचा पार ओढा केला!" शांता म्हणाली, "वाहू द्या. तुंबलेलं हाय."

दत्तू बाहेर शेतवाटेच्या पांदीला बसायला जात नसे, मोठी पोरं खडे मारत. शांताने गोठ्यामागे खड्डा खणून भोवती पोती बांधली. जेवणानंतर त्याला तिथे बसवायची, स्वतः बाहेर पाठ करून उभी राहायची. "झाली का?" असं कधी विचारलं नाही. इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगायची. घाण झाली तर त्यालाच पाणी घालायला लावायची, पण ओरडायची नाही. हळूहळू चड्ड्या कोरड्या राहू लागल्या, डाग राहून गेला.

आणि आत्याबाईंनी औषध ओतून दिलं. "बरं झालंय की. सवय लागंल पोराला." थोड्याच दिवसांत पुन्हा गाठ, पुन्हा तेच. आत्याबाई म्हणाल्या, आता डागच. त्यांचा जीव होता नातवावर. म्हणून तर कुणी अडवत नव्हतं.

पुढच्या अमावास्येला चुलीत लोखंडी सळई तापत घातली होती आणि बिब्बा पुढ्यात होता. शांता पोराच्या पुढे बसली, पदर बाजूला केला. "आत्याबाई, आदी माझ्या पोटाला द्या. ह्यातनंच आलंय ते."

आत्याबाईंचा हात थांबला. नामदेव म्हणाला, "आय सांगती ते कर."

शांताने एकदा नवऱ्याकडे बघितलं, पण पोरापुढून हलली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने पोराला घेऊन बावड्याला भावाकडे गेली. तिथे औषध पहिल्यापासून सुरू केलं.

पुढच्या उन्हाळ्यात नामदेव त्यांना आणायला गेला. दोन दिवस राहिला. ते दोन दिवस पोरगं बसायलाच गेलं नाही, पोट घट्ट धरून कोपऱ्यात उभं राहिलं. दुसऱ्या रात्री चड्डी भरली. शांता नवऱ्याला म्हणाली, "तुमी हितं हाय तवर त्याचं पोट उघडत न्हाय. जावा तुमी."

"मग कवा येऊ?"

"त्यानं सवताहून हाक मारल्यावर."

नामदेवने परत येऊन मला हे सांगितलं आणि रडला. मला त्याची कीव आली नाही.

दत्तू तिथेच बरा झाला, तिथेच शिकला. शांता काविळीने गेली तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं. सरणाजवळ बाप-लेक शेजारी उभे होते. नामदेव सारखा त्याच्या तोंडाकडे बघत होता. दत्तूने पाणी दिलं, मामाला हाक मारली आणि त्याच्याबरोबर निघून गेला.