अंबाड्यातलं एरंडेल

कॉव्हेंट्रीच्या थंडीत खोबरेल बरणीत दगडासारखं बसतं. त्या शनिवारी ते गरम पाण्यात ठेवून वितळवायचा सुनेत्राला कंटाळा आला. आठवडाभर ऑफिसात पगारपत्रकं जुळवून ती थकली होती. तशी ती वर्षभर थकलेलीच होती.

तिची आई खोबरेलात चमचाभरच एरंडेल घालायची. सुनेत्राने नुसतं एरंडेलच डोक्यावर ओतलं, मधासारखं दाट. भांग रुंद होत चालला होता. डिसेंबरात नागपूरला भाच्याचं, यशोधनचं लग्न. तिथे तिला सगळे वेणीवरून ओळखत. जाऊबाई तर आधी वेणी बघणार, मग तोंड. तिने मुळं चोळली, घट्ट अंबाडा बांधला आणि झोपली.

रविवारी सकाळी शांपू लावून तिने केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळले. हात काढला तर केसांचा एकच गठ्ठा झालेला, लोकरीसारखा, टणक.

"आई, हे पक्षाचा घरटं झालाय," मुलगी अक्षरा म्हणाली. ती इथेच जन्मलेली.

"हसू नकोस. सोडव."

अक्षराने कंडिशनर ओतला. खोबरेल वितळवून लावलं. कंगव्याचे दात मोडले. दुपारी तिने हात खाली सोडले.

"नाही निघत गं. गुगल केलं मी. असं होतं म्हणे, कापावंच लागतं."

"लग्नापर्यंत पदराखाली झाकलं तर?"

"आई, प्लीज!"

मग कंगव्यात आलेले गळके केस काढत अक्षरा म्हणाली, "आयर्न टॅब्लेट्स घेतेस ना? जीपी डॉक्टरांनी दिलेल्या?"

सुनेत्रा कंगव्याचे मोडलेले दात वेचू लागली. रक्ततपासणीत लोह फार कमी निघालं होतं; थकवा आणि केसगळती त्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले होते. गोळ्यांनी पोट बिघडतं म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये पडलं होतं. तेलाने पोट बिघडत नव्हतं. वर्षभर तिने शनिवारी तेल लावलं होतं आणि काहीतरी केल्यासारखं वाटून घेतलं होतं. केस चमकत, टोकं तुटत नसत. गळायचे ते मुळापासून गळतच होते.

"काप," ती म्हणाली.

कात्री त्या गठ्ठ्यात अडकत, कुरकुरत चालली. गठ्ठा सिंकमध्ये पडला. अक्षराने उरलेले केस विंचरून आरसा समोर धरला. केस खांद्याच्याही वर. भांग पूर्वीइतकाच रुंद, आता लपायला जागा नसलेला.

"तेल टाकून देऊ?" अक्षराने विचारलं.

"नको. थेंबभर टोकांना लाव. तेवढं त्याला जमतं."

अक्षराने तळहातावर थेंब चोळून टोकांवरून हात फिरवला. केस लगेच मऊ झाले, थोडे चमकले. सुनेत्राने डोळे मिटून घेतले. जाऊबाई काय म्हणतील, याचा विचार करायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

"ड्रॉवरमधून ते पाकीट दे," ती म्हणाली. "आणि संत्र्याचा रस असेल तर बघ, त्याच्याबरोबर लोह अंगी लागतं म्हणे."